रेस दिली की आवाज, सोडली की गप्प : बदललेला पार्ट पुन्हा पुन्हा का जातो?

सोलापूरजवळ बार्शी रोडवर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे आम्ही पंधरा मिनिटं रांगत होतो. पुढचा रस्ता मोकळा दिसला तसा दुसरा गिअर टाकला, रेस दिली आणि पायाखालून आवाज आला, ‘ठण्!’ त्याच्या पाठोपाठ ‘फर्रर्र’. ट्रॅक्टर मागे पडला, मी पाय उचलला आणि सगळं गप्प. बायकोनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. म्हणाली, “काय तरी पडलं बघा.” पडलं काहीच नव्हतं.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, इंजिन आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारी. पुढच्या आठ महिन्यांत या एका आवाजासाठी मी तीनदा गॅरेज गाठलं. पहिल्यांदा सायलेन्सरचं गोल पॅकिंग बदललं. दिवाळी शांततेत गेली आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आवाज परत हजर. दुसऱ्यांदा पाइपला वेल्डिंग मारून पुन्हा पॅकिंग टाकलं. ते सहा आठवडे टिकलं. तिसऱ्यांदा वेगळ्या गॅरेजमध्ये नेली, तिथं फॅन बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलला. त्यानं काडीचाही फरक पडला नाही, पण बिल मात्र सगळ्यात मोठं झालं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? मी जाऊन ‘गाडीचा आवाज येतोय’ एवढंच सांगत होतो. डॉक्टरला ‘दुखतंय’ एवढंच सांगितलं तर तो काय करणार?

एकदा दुरुस्त केलेला आवाज ज्यांच्या गाडीत परत येतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आवाज पहिल्यांदाच येत असेल तरीही उपयोग होईल. फक्त आधी एक बघा. डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागलेला असेल, किंवा इंजिनाच्या पोटातून जड ‘ठक ठक ठक’ येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल, तर इथंच थांबा. गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि टोइंगला फोन लावा. तशा इंजिनावर दोन किलोमीटर जरी चालवलीत तरी काम बेअरिंगवरून थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, जाऊ शकतं.

आता मुद्द्याकडं. आवाज कुठून येतोय हे शोधण्याआधी तो कशाच्या मागं लागलाय हे शोधायचं. लोखंडातून आवाज फिरतो. सीटखाली ऐकू येणारा आवाज बोनेटमधला निघतो. कानाला जागा नीट कळत नाही, पण ताल बरोबर कळतो. आणि ताल चारपैकी एकाच गोष्टीच्या मागं असतो : इंजिनाचे फेरे, चाकाचे फेरे, इंजिनावरचा लोड, नाहीतर स्टिअरिंगचं वळण.

पहिली ट्रायल उभ्या गाडीची. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, काचा खाली घ्या, एसी आणि रेडिओ बंद करा. हळूहळू रेस वाढवत काटा दोन हजारावर, मग तीन हजारावर न्या. घाईनं मारू नका, काटा जिना चढल्यासारखा गेला पाहिजे. आवाज इथंच आला तर चाकं, ॲक्सल, चाकांचं बेअरिंग सगळं संशयातून सुटलं. शोध बोनेटमध्ये आणि सायलेन्सरच्या लाइनवर करायचा. आवाज आलाच नाही तर रस्त्यावर जावं लागतं.

रस्त्यावरची ट्रायल मी सकाळी सहाला होटगी रोडला घेतो, रिक्षा आणि शाळेच्या बसा बाहेर पडायच्या आत. चाळीसच्या वेगानं आधी तिसऱ्या गिअरमध्ये, मग त्याच वेगानं चौथ्यात. वेग तोच आणि फेरे कमी झालेले. आवाजाची पट्टी खाली आली तर तो इंजिनाचा. तसाच राहिला तर चाकाकडचा : बेअरिंग, टायर, ॲक्सल. मग पन्नासवर क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्या. ‘हूंऽऽ’ असा घोंगावणारा आवाज तसाच चालू राहिला तर बहुतेक व्हील बेअरिंग, नाहीतर एकसारखे न झिजलेले टायर. बेअरिंग असेल तर लांब वळणावर एका बाजूला वळताना वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, कारण वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो. ट्रायलच्या वेळी चावी मात्र बंद करू नका. ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि काही गाड्यांत लॉकही पडतं.

कंपाउंडची लांब भिंत मिळाली तर आणखी चांगलं. तिच्या कडेनं डाव्या काचा खाली घेऊन जा. खालचे आवाज भिंतीवर आपटून परत येतात, आत बसून जे कळत नाही ते तिथं कळतं. मला ‘फर्रर्र’ सायलेन्सरचाच आहे हे अशा एका भिंतीनंच पटवून दिलं.

लोडची ट्रायल घ्यायला सोलापुरात चढ शोधावा लागतो. आमचं गाव सपाट. रेल्वेवरच्या पुलाचा चढ सुरू होतो न होतो तोच संपतो. खरा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट. देवीला जाणं होतं आणि गाडीची तपासणीही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमवली आणि इंजिनातून वाटीत खडे हलवल्यासारखा ‘खडखड’ किंवा बारीक ‘टिकटिक’ आला, तर ते नॉकिंग. इंधन वेळेआधी, चुकीच्या जागी पेटतंय. खालचा गिअर टाकून फेरे वाढवले की आवाज गेला पाहिजे. गेला तर निम्मी चूक चालवणाऱ्याची, कारण सोलापुरात चौथ्या गिअरवर पंचवीसनं गाडी ओढणारे पुष्कळ आहेत. मायलेजसाठी करतात म्हणे. योग्य गिअरमध्येही येत राहिला तर इंजिन जास्त तापतंय का, प्लग बरोबर नंबरचे आहेत का, आत कार्बन साठलाय का, नॉक सेन्सर काम करतोय का, हे बघायचं. हल्ली कुठलाही आवाज आला की लोक इथेनॉलच्या पेट्रोलकडं बोट दाखवतात. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांसाठी त्याची काळजी रास्त आहे. नॉकिंगपुरतं मात्र इथेनॉल निर्दोष. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे ते नॉकिंग रोखतं.

वळणाची ट्रायल मोकळ्या प्लॉटवर घ्या. जुळे सोलापुरात असे प्लॉट अजून सापडतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूनं. ‘टक टक टक’ असा घड्याळासारखा आवाज आला आणि रेस देताच जोरात झाला तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. खाली वाकून बघा. चाकाच्या आतल्या बाजूला नागमोडी रबरी बूट फाटलेला असेल आणि रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं असेल. आपल्याकडच्या धुळीत फाटका बूट म्हणजे जॉइंटमध्ये पॉलिश पेपर घातल्यासारखंच. नुसता बूट फाटलाय, आवाज अजून नाही, अशा वेळी धरलं तर स्वस्तात काम होतं. आतल्या जॉइंटची तऱ्हा वेगळी : सरळ रस्त्यावर रेस दिली की गाडी थरथरते, पाय उचलला की थांबते.

वडापच्या जीपगाड्या आणि मागची चाकं ओढणाऱ्या व्हॅनचं आणखी एक निराळं. त्यांना पुढून मागं जाणारा लांब शाफ्ट असतो आणि त्याला क्रॉस, म्हणजे शाफ्टला वाकून फिरू देणारा सांधा. गाडी उचलताना एकच ‘टुक’, पाय सोडून परत रेस दिली की पुन्हा ‘टुक’. गाडीखाली शाफ्ट हातानं पिळून बघा, हिसका लागला तर क्रॉस ढिला. इंजिन बंद असू द्या आणि चाकांना दगड लावायला विसरू नका.

बाकीचे नेहमीचे आवाज भराभर सांगतो. सकाळी रेस दिली की ‘चींऽऽ’ ओरडतो तो बेल्ट. चालू इंजिनाच्या बेल्टवर, हात लांब ठेवून, बाटलीतून थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली सरळ रेषेत नाही. पाणी पडताच वाढला तर ताण कमी. बेल्टला साबण चोळायचा उपाय ज्यानं शोधला त्याला शंभरदा नमस्कार, पण तुम्ही करू नका. धूळ चिकटते आणि बेल्ट लवकर जातो. डिझेल गाडीत रेसबरोबर शिट्टी किंवा ‘स्सऽऽ’, त्यात पिकअप गेलेला आणि मागं काळा धूर, म्हणजे टर्बोपासून (इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंख्यापासून) निघालेला हवेचा रबरी पाइप फाटलाय किंवा त्याची क्लिप ढिली झालीय. टर्बोच गेला म्हणून सांगणाऱ्याला आधी तो पाइप काढून दाखवायला लावा. काटा वर जातो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र जागची हलत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

सगळ्यात फसवा आवाज पत्र्याचा. सायलेन्सरवर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो. त्याचा एक बोल्ट गंजून तुटला की ठराविक फेऱ्यांवर ‘झर्रर्र’ वाजतो, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. माणसाला वाटतं इंजिनच बसलं. इंजिन थंड असताना सायलेन्सरवर बुक्की मारा, डबा वाजवल्यासारखा वाजेल. पाइपाभोवती बसेल एवढी मोठी स्टीलची क्लिप पत्र्यावरून आवळली की काम संपलं. प्लॅस्टिकची पट्टी बांधू नका, ती वितळते.

आता माझ्या गाडीचं. वरच्या सगळ्या ट्रायल घेतल्यावर हातात हे आलं. ‘फर्रर्र’ उभ्या गाडीतही थोडा येतो, म्हणजे सायलेन्सर गळतोय. ‘ठण्’ उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी येत नाही. गाडी उचलताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये येतो. आणि दोन्ही गॅरेजमध्ये कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, अशी एक गोष्ट : रिव्हर्समध्ये येत नाही. अपार्टमेंटच्या रॅम्पवरून मी गाडी रोज मागं चढवतो, चांगली रेस देऊन. तिथं एकदाही ‘ठण्’ नाही.

हे कागदावर लिहून विजापूर नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. चाचांनी कागद बघितलासुद्धा नाही, पण रिव्हर्सचं ऐकून हातातला कप खाली ठेवला. “मालक, पॅकिंग किती वेळा बदललं?” म्हटलं, दोनदा. “पॅकिंगचा काय गुन्हा?”

मग त्यांनी पोराला गाडीत बसवलं. बोनेट उघडं. पायानं ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर थोडी रेस द्यायला सांगितली. मला दंडाला धरून बाजूला ओढलं, “पुढं उभं राहू नका, पोरगं नवं आहे.” इंजिन थोडं डोलतंच, बोटभर चालतं. माझं इंजिन उठलं आणि चांगलं चार बोटं मागच्या बाजूला कलंडलं; त्याच क्षणी खालून ‘ठण्’. पोरानं क्लच दाबला, इंजिन परत जाग्यावर. रिव्हर्स टाकला तर उलट्या बाजूला कलंडलं, पण आवाज नाही, कारण त्या बाजूला आपटायला काही नव्हतं.

इंजिन बॉडीला थेट बोल्टनं आवळलेलं नसतं, रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं. माझ्या गाडीत अशी तीन. दोन वरून दिसतात आणि दोन्ही ठणठणीत होती, म्हणून आधीच्या दोघांनीही वरून बघून सोडून दिलं असणार. तिसरं इंजिनाच्या खाली मागच्या बाजूला, हाताएवढ्या दांड्याच्या टोकाला असतं. त्याचं काम इंजिन उचलून धरण्याचं नाही. रेस दिल्यावर इंजिन कलंडू नये म्हणून त्याला मागून धरायचं. ते दिसायला गाडी वर घ्यावी लागते.

जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. रस्त्यावरचा मुरूम कधी खचेल सांगता येत नाही.) चाचांनी बॅटरी मारली. फाउंडेशनवर तेल आणि धुळीचा थर, अंगठ्याएवढा जाड, पुरणासारखा मऊ. पान्याच्या टोकानं तो खरवडला. आतलं रबर फुगून, भिजून, मधल्या लोखंडी नळीपासून पूर्ण सुटलेलं होतं. दांडा हातानं हलवला तर पुढं-मागं खुळखुळायला लागला.

तेव्हा सगळं जुळलं. सायलेन्सरचा पुढचा पाइप इंजिनाला जोडलेला, मागचा भाग गाडीच्या बॉडीला रबरांवर टांगलेला. दोन्हींच्या मधे ते गोल पॅकिंग आणि स्प्रिंगचे बोल्ट. इंजिन चार बोटं कलंडलं की सांधा प्रत्येक सिग्नलला वाकणार आणि पाइप खालच्या आडव्या बीमला जाऊन आपटणार. तो ‘ठण्’. वाकून वाकून पॅकिंगचा भुगा होणार. तो ‘फर्रर्र’. सात रस्त्याला, आसरा चौकात, दिवसातून पन्नास वेळा. मी दोनदा नवीन पॅकिंग घालून त्याला पुन्हा त्याच मारेकऱ्याच्या हवाली करत होतो. वेल्डिंगनं तर पाइप आणखी ताठ झाला आणि सगळा मार पॅकिंगवर आला.

सायलेन्सर पुढच्या बाजूला गळत असेल तर आवाजापेक्षा धूर जास्त वाईट. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. गाडीत डोकं जड होत असेल, मळमळत असेल तर काचा उघडा आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणं बंद करा. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा आपल्याकडं ड्रायव्हर लोक हेच करतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. गळती कुठं आहे ते सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर बघा. तापल्यावर लोखंड फुगतं आणि बारीक फट बुजते, मग दुपारी गॅरेजमध्ये आवाज येत नाही आणि मिस्त्री आपल्याकडं वेड्यासारखा बघतो. सांध्याच्या आसपास काजळीचा काळा डाग दिसला तर तीच जागा.

चाचांनी नवीन फाउंडेशन मागवलं, पण बसवलं नाही. मी घाई करायला लागलो तर म्हणाले, “थांबा. हे तेल कुठून आलं?”

हा प्रश्न मला सुचला नसता. फाउंडेशन दहा-बारा वर्षांत उन्हानं कडक होऊन फुटलं असतं तर गोष्ट वेगळी. हे भिजून फुगलं होतं. साधं रबर तेलात राहिलं की फुगतं आणि मऊ पडतं. नवीन घातलं असतं तर तेही दोन वर्षांत तसंच झालं असतं आणि मी पुन्हा ‘आवाज येतोय’ म्हणत कुठंतरी उभा असतो. खालचा भाग डिझेलनं धुतला, पुसून कोरडा केला, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. पांढरं फडकं घेऊन पोरगं खाली गेलं. ऑइल चेंबर कोरडा, सील कोरडं. ऑइल सोडायच्या बोल्टच्या कडेला मात्र मोहरीएवढा थेंब जमत होता. थांबून थांबून पडायचा आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं उडून थेट त्या फाउंडेशनवर जायचा.

बोल्ट काढला. त्याच्याखालचा वॉशर दाबून दाबून कागदासारखा झालेला. ऑइल बदलताना हा वॉशर दरवेळी नवीन टाकायचा असतो, तो किती वर्षं टाकलाच नव्हता कुणास ठाऊक. थेंब थांबावा म्हणून कुणीतरी बोल्ट जास्त आवळलेलाही दिसत होता. आटे थोडक्यात वाचले.

त्या दिवशी वॉशर, फाउंडेशन आणि पॅकिंग तिन्ही टाकलं. या क्रमानं. फाउंडेशनचा बोल्ट चाचांनी गाडी जमिनीवर उतरवून, इंजिन दोनदा हलवून जागेवर बसल्यावरच शेवटचा आवळला. हवेत आवळला तर रबर पिळलेलंच राहतं. खोकं कंपनीचं आहे ना, हे त्यांनी मला वाचायला लावलं. स्वस्तातलं फाउंडेशन एकतर दगडासारखं असतं, म्हणजे उभ्या गाडीत स्टिअरिंग गुणगुणतं, नाहीतर इतकं मऊ की वर्षात तोच खेळ.

आवाज परत येतोय असा तुमचा अनुभव असेल तर गॅरेजला जाताना चार ओळी लिहून न्या : गाडी थंड की गरम, कुठला गिअर, रेस देताना की सोडताना, रिव्हर्समध्ये येतो का. मिस्त्रीला शेजारी बसवून स्वतः चालवा आणि आवाज काढून दाखवा. पार्ट बदलल्यावर जुना पार्ट मागून घ्या आणि तो कसा मेलाय ते बघा : झिजलाय, फाटलाय, भिजलाय की जळलाय. भिजलेला असेल तर वर काहीतरी गळतंय. एका बाजूनंच झिजलेला असेल तर काहीतरी वाकडं बसलंय. मी पहिल्या पॅकिंगच्या वेळी तुकडे बघितले असते तर ते फक्त मागच्या कडेला चुरडलेले दिसले असते.

दुरुस्तीनंतरची ट्रायल जुन्याच रस्त्यावर, जुन्याच गिअरमध्ये घ्यायची. म्हणून पुढच्या रविवारी तुळजापूर. घाटात दुसरा गिअर टाकला, पूर्ण रेस दिली. ठण् नाही, फर्रर्र नाही. एसीचा पंखा लावला तेव्हा मात्र डॅशबोर्डमधून ‘खुर्रर्र’ सुरू झालं. घरी येऊन ब्लोअरचा फिल्टर काढला तर आत शेंगांची मूठभर टरफलं आणि कुरतडलेला स्पंज. उंदराचं काम. बाजूलाच फेकायला ठेवलेलं जुनं फाउंडेशन पडलं होतं, ते बायकोनं आता गॅलरीच्या दाराला टेकू म्हणून लावलंय.